काजूच्या बागेत गुरे: दरवर्षी बोंडू, दरवर्षी तेच दुखणे

फाल्गुन सरत आला, काजूचे बोंडू (बीला जोडलेले रसाळ फळ) गळू लागले की आमच्या वाडीत दोन तक्रारी सुरू होतात. गुरेवाला म्हणतो, "गाय सकाळपासून तोंड लावत नाही, बोंडू जास्त झाले." बागवाला म्हणतो, "खालच्या फांद्या मोडल्या, नवी कलमं चघळली, बी तुडवून ठेवली." आमच्या घरात गुरेवाला आणि बागवाला एकच. दोन्ही तक्रारी मीच करतो आणि मीच ऐकून घेतो.

राजापूर तालुक्यातला कातळउतार. शंभरेक काजू, त्यात वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ची कलमे, काही आजोबांच्या वेळची गावठी झाडे. चार हापूस. गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, लागून ऐन आणि किंजळ ही जंगली झाडे. गोठ्यात पाच गायी, दोन पाडे. वाडीतल्या शेळ्या वेगळ्या, त्यांचा हिशेब पुढे येईल.

बरीच वर्षे आम्ही सगळा दोष गडग्यावर ढकलला. एका उन्हाळ्यात चिरे आणून गडगा हातभर उंच केला. पुढच्या वर्षी वर करवंदीच्या काट्या घातल्या. मजुरीचा आकडा घरात अजून कोणी मोठ्याने बोलत नाही. तरी मार्चमध्ये गाय बोंडू खाऊन गोठ्यात उभीच. मग एकदा बसून, गाय कुठल्या महिन्यात कुठे असते आणि झाड त्या महिन्यात काय करत असते, हे कॅलेंडरवर शेजारी शेजारी लिहिले. तेव्हा लक्षात आले की गडग्यात फारसा दोष नव्हता. बेडे, म्हणजे गडग्यातले आडव्या काठ्यांचे फाटक, उघडायचे दिवस चुकत होते, आणि बेडे आम्हीच उघडत होतो.

महिने कुठे चुकतात

भात कापून झाले की कोकणात गुरे उनाड सोडायची जुनी पद्धत. मळ्यात पीक नाही, सड्यावर (वरच्या कातळी माळावर) गवत आहे, राखायला माणूस नाही. घरटी एकदोघे मुंबईला गेल्यावर तर राखणी हा प्रकारच संपला. कार्तिकात गवताला ओल असते तोवर गुरे काजूकडे ढुंकूनही बघत नाहीत. पौष-माघात त्याची काडी होते. मार्चमध्ये सड्यावर नुसता काळा कातळ तापत असतो, आणि नेमके तेव्हाच बागेत लालपिवळे, रसाने भरलेले फळ आपणहून जमिनीवर पडायला लागते. उपाशी जनावराने दुसरे काय करावे?

आम्ही आता असे करतो. पावसाळाभर बाग बंद. आमच्याकडे कातळावर माती वीतभर, काजूची खाद्यमुळे त्या वीतभरातच. ओल्या मातीत खूर रुतले की माती दबते आणि पाणी मुरायचे थांबते. या दिवसांत गवत कापून गोठ्यात नेतो. हळवे भात कापून झाले की ऑक्टोबरमध्ये बेडे उघडायचे, आणि पालवीवरच्या पहिल्या फवारणीपर्यंत गुरे आत. त्यानंतर फवारण्यांचे आणि औषध उतरेपर्यंतचे दिवस वगळायचे. जानेवारी संपता संपता बेडे घालायचे, ते शेवटचा बोंडू उचलेपर्यंत. म्हणजे वर्षात गुरे बागेत असतात ती जेमतेम दोन महिने.

मग ती दोन महिने तरी कशाला, असे आमचा मुलगा विचारतो. वणव्यासाठी. ज्या बागेत कंबरभर सुके गवत उभे आहे, तिथे फेब्रुवारीत कुणाची तरी विडी पडते आणि दहा वर्षांची कलमे तासाभरात जातात. गुरांनी गवत आखूड केले की जाळपट्टा काढायचे निम्मे काम होते. शिवाय शेण पडते ते वेगळे. म्हणून "गुरांना बागेत पाऊल ठेवू द्यायचे नाही" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. ज्यांच्याकडे गवत कापायला माणसे आहेत त्यांनी तो पाळावा.

बोंडूने नेमके काय होते

वाडीत म्हणतात, गाय झिंगली. पोरे हसतात, गोव्याकडच्या हुर्राकाची (बोंडूच्या दारूची) आठवण काढतात. जमिनीवर पडून आंबलेल्या बोंडूत थोडी दारू असतेही. पण जनावर आडवे पडते ते आम्लाने. बोंडूच्या रसात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. गायीचे मोठे पोट चारा हळूहळू कुजवण्यासाठी आहे. तिथे एकदम पाटीभर साखर गेली की ती भराभर आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, चारा पचवणारे जंतू मरतात आणि पोट हलायचे थांबते. पोटातले आम्ल रक्तात उतरते आणि अंगातले पाणी पोटात ओढले जाते. म्हणूनच जनावर डुलते, डोळे खोल जातात.

ओळखायचे कसे? रात्री बागेत होती आणि सकाळी रवंथ नाही, ही पहिली खूण. डाव्या भकाळीत (बरगडी आणि मांडी यांमधल्या खळग्यात) मूठ दाबून दोन मिनिटे थांबा. निरोगी पोट मिनिटाला एकदोनदा मुठीला वर ढकलते. इथे काहीच हलत नाही, किंवा आत पाणी डुचमळल्यासारखे लागते. शेण पातळ, त्याला आंबूस वास, त्यात अख्ख्या काजूबिया. काही जणी बी चावतात आणि टरफलातले तेल तोंडाला लागून ओठ-जीभ सोलवटते, मग लाळ गळते. सोलताना हात भाजलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. लाळ गळणारे प्रत्येक जनावर मात्र बोंडूचेच असे धरू नका. लाळ्या-खुरकूतही असू शकतो, खूर बघा.

ही लक्षणे दिसली तर राज्यात जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर आहे, तो आधी लावा. डॉक्टर येईपर्यंत दाणा, पेंड, भाताची पेज सगळे बंद. चांगले सुके गवत किंवा पेंढा समोर ठेवा. पाणी थोडे थोडे द्या. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पाजतात, पण मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, ती डॉक्टरांना फोनवरच विचारून घ्या. आमच्याकडे आजीच्या वेळी सरसकट ताक पाजत. आंबलेल्या पोटात आणखी आंबट कशाला, एवढे मला आता कळते. आणि जनावर डुलत असेल, मान धरत नसेल, तर बांबूच्या नळकांड्याने तोंड वर करून काहीही ओतू नका. ते फुफ्फुसात जाते. बोंडूतून वाचलेली एक गाय आम्ही अशीच घालवली.

बरी झालेली गाय आठ-दहा दिवसांनी लंगडायला लागली तर घाबरून दुसरेच काही शोधत बसू नका. याच आम्लाचा परिणाम खुरांच्या आतल्या भागावर होतो. तेही डॉक्टरांना सांगा.

ओकच्या झाडाखाली गुरे चारणाऱ्यांचे दुखणे याच्याशी किती जुळते, हे वाचून मी चकित झालो होतो. ओक आपल्या कोकणात होत नाही. उत्तराखंडात त्याच कुळातला बांज आहे, त्याचा पाला गुरांना घालतात, आणि वसंतातली कोवळी पालवी जास्त खाल्ली तर तिथेही गुरे आजारी पडतात. इंग्लंडात शरद ऋतूत ओकची हिरवी फळे पडतात. त्यांतल्या टॅनिनने गायी-घोड्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. तिथल्या न्यू फॉरेस्ट भागात जुन्या हक्काने त्या दिवसांत डुकरे सोडतात, कारण डुकरांना ती फळे बहुतेक बाधत नाहीत. डुकरे फळे खाऊन जमीन साफ करतात. विष वेगळे, अवयव वेगळा, पण घडते एकाच वेळी: चारा संपलेला आणि झाड फळ टाकते आहे. वादळवारा झाला की एका रात्रीत फळांचा खच पडतो, तीच रात्र तिकडेही वाईट. आपल्याकडे एप्रिलमधल्या अवकाळीनंतरची सकाळ.

डुकरांचे काम इथे माणसाला करावे लागते. बी गोळा करताना बहुतेक जण पिळून बी काढतात आणि बोंडू तिथेच टाकतात. आमचेही तसेच चालायचे. आता बोंडू पाटीत घालून बाहेर काढतो, एका खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवतो. सिंधुदुर्गात गोव्याच्या बाजूला बोंडू विकलाही जातो, आमच्याकडे तेवढा नाही. गुरांना बोंडू अजिबात देऊ नये असे नाही. पोटभर गवत खाल्लेल्या गायीपुढे ताजे, न आंबलेले, बी काढलेले ओंजळ-दोन ओंजळ टाकले तर आमच्या गायींना कधी बाधले नाहीत. उपाशी गायीला मोकळ्या बागेत सोडणे ही गोष्ट वेगळी.

हापूसच्या झाडाखाली आणखी एक. मे महिन्यात गाय गळालेला आंबा अख्खा गिळते आणि बाठा घशात अडकतो. मान ताणते, लाळ गळते, खोकते, आणि ढेकर बाहेर पडत नसल्यामुळे डावी कूस बघता बघता फुगते. इथे काठीने बाठा आत ढकलू नये, अन्ननलिका फाटते. फुगणे वाढत असेल तर तासाभराची वाट बघण्याइतका वेळ नसतो. फोन करताना "बाठा अडकलाय, पोट फुगतंय" एवढेच आधी सांगा, म्हणजे डॉक्टर तयारीने येतात.

झाड का खंगते

गडग्याजवळच्या मोठ्या ऐनाचा शेंडा पाच-सहा वर्षांपूर्वी सुकायला लागला. वडील म्हणाले, वय झाले. काका म्हणाले, वीज पडली असेल. पण दुपारी गुरे त्याच एका झाडाखाली बसायची, दरवर्षी, सहा महिने. बुंध्याभोवतीची माती शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी कडक झालेली, मुळे उघडी, साल अंग घासून गुळगुळीत. त्यातच आम्ही दर उन्हाळ्यात भाजावळीला (भाताच्या रोपांची जमीन भाजायला) ऐनाची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचो, शेंड्यापर्यंत.

उपाय सोपा होता, फक्त हळू. गुरांची दुपारची जागा हलवली. बेड्याबाहेर जांभळीखाली पाण्याची डोण ठेवली, गुरे आपसूक तिकडे गेली. सावलीपेक्षा पाणी जास्त ओढते. ऐनाभोवती फांद्यांच्या पसाऱ्याइतक्या जागेवर काट्या टाकून दोन पावसाळे कुणाला बसू दिले नाही, वर पाचोळ्याचा थर. कुदळ लावली नाही, कारण उघडी मुळेच तुटली असती. कवळ आता एक वर्षाआड तोडतो, तीही बाजूच्या फांद्यांची, शेंडा राखून. सुकलेला शेंडा परत आला नाही, पण त्याखालून नवी फूट जोरात आहे. कुणी सांगेल, झाड तोडून टाका. ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आपल्या जमिनीत असली तरी.

काजूचे दुखणे निराळे. काजूला गुरे बांधू नका. दाव्याने साल कापते, शिंगाने खरवडते, आणि बुंध्याजवळच्या सालीच्या फटीत खोडकिडा अंडी घालतो. आपल्याकडे त्याला रोठा म्हणतात, आंब्याच्या खोडकिड्याला भिरूड. बुंध्याशी डिंकात मिसळलेला भुसा दिसला की तो आत आहे. सुरुवातीलाच साल तासून तारेच्या आकड्याने अळी काढली तर झाड वाचते. पाने पिवळी पडेपर्यंत थांबलात तर बहुतेक हातचे गेले.

जखमेला बोर्डो पेस्ट लावतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. चार झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरते. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडाचे भांडे वापरायचे नाही. पेस्ट लावलेल्या झाडाजवळ गुरे येता कामा नयेत. मोरचुदातले तांबे विषारी असते, मेंढीला तर थोडेही पुरते. आणि जनावराला चाटायला काहीही चालते.

नवी कलमे

शेंडा दोनदा खाल्ला गेला की कलम पुन्हा नीट वाढत नाही, म्हणून इथे कंजुषी करू नये. माणग्याच्या (जाड बांबूच्या) चार काठ्या, छातीइतक्या उंच, कलमापासून दोन्ही बाजूंना हातभर लांब, मध्ये चिवारीच्या (बारीक बांबूच्या) आडव्या पट्ट्या. काठीचे जमिनीत जाणारे टोक आधी आगीत काळे करून घ्या, नाहीतर वाळवी एका पावसात खाते. आम्ही सुरुवातीला कुंपण कलमाला चिकटून घातले. गायीने मान आत घालून शेंडा खाल्लाच.

दुसरी चूक जास्त मजेशीर. कुंपणाच्या आतले गवत आम्ही काढत नव्हतो. डिसेंबरमध्ये सगळीकडे सुके आणि त्या चौकटीत तेवढे हिरवे. गुरे काजूसाठी येतच नव्हती, ती त्या गवतासाठी कुंपण मोडत होती. आता आतले गवत उपटून तिथेच आच्छादन करतो. शेणकाला पातळ करून पानांवर शिंपडला की काही दिवस गुरे तोंड लावत नाहीत. पाऊस पडला की धुऊन जातो, पुन्हा शिंपडायचा.

चौकट कधी काढायची? गाय मान वर करून जिथवर पोहोचते, त्याच्या वर झाडाचा घेर गेला की. आमच्याकडे चौथ्या वर्षानंतर. काजूच्या फांद्या जमिनीकडे झुकतात, म्हणून खालच्या फांद्या पहिल्या तीन-चार वर्षांत काढत राहावे लागते. एकदम दहाव्या वर्षी काढायला गेलात तर मोठ्या जखमा होतात, आणि मग पुन्हा रोठा.

शेळ्यांना हे काहीच लागू नाही. कोकण कन्याळ शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरची पालवी खाते. वाकडे खोड असेल तर झाडावर चढते. शेळ्या आणि पाच वर्षांखालची बाग एका बेड्यात नांदत नाहीत. मी प्रयत्न करून पाहिला आहे, पुन्हा करणार नाही.

फवारणी आणि घाणेरी

काजूवर ढेकण्या या किडीसाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन वेळी फवारतात. आंब्यावर तुडतुड्यांसाठी त्याहून जास्त वेळा. औषधाचा बराच तुषार खालच्या गवतावर बसतो, हे फवारणाऱ्याला माहीत असते आणि गुरे सोडणाऱ्याला नसते. आमच्याकडे बागेचे दोन भाग केले आहेत, मध्ये घायपाताची वई. एकात फवारले की गुरे दुसऱ्यात. औषधाच्या डब्यावर दिलेले दिवस भरेपर्यंत तिकडचे बेडे दोरीने बांधलेले, आणि दोरीला लाल चिंधी, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला कळते.

घाणेरी (टणटणी) मुळासकट काढा. चारा असेपर्यंत गुरे तिला शिवत नाहीत, मे महिन्यात उपाशी जनावर खाते. यकृत बिघडते, डोळे पिवळे होतात, आणि पांढऱ्या कातडीला ऊन लागले की ती भेगाळून सोलते. असे दिसले तर जनावर आधी अंधाऱ्या गोठ्यात घ्या, मग डॉक्टर.

शेजारची गुरे

आपले बेडे बंद, पण वाडीतली उनाड गुरे आत येतातच. कोंडवाड्याचा कायदा १८७१ पासून आहे. मी एकदा एका गायीला कोंडवाड्यात पोहोचवले, आणि त्या घराशी दोन वर्षे गणपतीतले येणे-जाणे थांबले. इकडची गाय गावठी, अंगाने लहान. या जातीची आता 'कोकण कपिला' नावाने नोंद झाली आहे. पडक्या गडग्यावर ती शेळीसारखी चढते, तिला कोंडवाडा काय अडवणार. त्यापेक्षा वाडीच्या बैठकीत एवढेच ठरवून घेतले की फेब्रुवारी ते मे गुरे रात्री गोठ्यात बांधायची, म्हणजे निदान पहाटेचे बोंडू चुकतात. सगळे पाळतात असे नाही. अर्ध्यांनी पाळले तरी फरक दिसला.

राहता राहिली वहिवाट. आमच्या बागेतून शाळेकडे जाणारी पायवाट आहे. येणारा-जाणारा बेड्याची काठी सरकवतो आणि परत घालत नाही. पाटी लावून झाली, ओरडून झाले. शेवटी गडग्यात दोन्ही बाजूंनी तीन-तीन लांब चिरे बाहेर काढून पायऱ्या केल्या. माणूस चढून पलीकडे उतरतो, गायीला ते जमत नाही, आणि बेड्याला हात लावायची कुणाला गरजच उरली नाही. त्यानंतर बेडे उघडे सापडले ते एकदाच, आणि ते मीच उघडे टाकले होते.